नावांचं ॲप: यादी छान, अर्थ कच्चे

पुतणीच्या मुलासाठी नाव शोधायचं होतं, म्हणून फोनवर नावांचं एक फुकट ॲप घेतलं. शोध झटकन लागतो, देवनागरीत टाइप केलं तरी चालतं. इथवर ठीक.

मग 'अर्जुन' उघडलं. अर्थ दिलाय 'शूर, धनुर्धर, यशस्वी'. अहो, ही त्या पांडवाची ओळख झाली, नावाचा अर्थ कुठाय? अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ. ऋग्वेदात काळ्या दिवसाच्या, म्हणजे रात्रीच्या, जोडीला 'अर्जुन' दिवस येतो. फिकट, गुळगुळीत सालीचं अर्जुनाचं झाडही आहेच. आणि 'कृष्ण' म्हणजे काळा! एकाच रथात काळा नि गोरा बसलेत, एवढी मजा या लोकांनी वाया घालवली. पुराणातल्या दुसऱ्या अर्जुनाचा, म्हणजे हजार हातांच्या कार्तवीर्य सहस्रार्जुन राजाचा, पत्ता नाही. पंजाबीत हेच नाव 'अर्जन' होतं, शिखांचे पाचवे गुरू अर्जन देव यांचं, तेही नाही. त्याऐवजी भाग्यांक, शुभ रंग असला मजकूर ढीगभर आणि मधेमधे जाहिराती.

एक गोष्ट मात्र आवडली. पार्थ, धनंजय, किरीटी, सव्यसाची, फाल्गुन ही अर्जुनाची बाकीची नावं एकाखाली एक दिलीत. पुतणीचं मन 'पार्थ'वर बसलंय. जावईबापू अजून 'अर्जुन'वरच अडून आहेत.

पाचपैकी दोन तारे. यादीसाठी खुशाल वापरा, अर्थासाठी संस्कृत कोश उघडा. पैसे भरून जाहिराती बंद करता येतात म्हणे. मी काही भरले नाहीत.