जुन्या जीपचे मागचे ड्रम आणि स्टडवर बसणारा पुलर: बरेच महिने वापरल्यावर

ज्यांच्या गाडीचा ब्रेक ड्रम दोन स्क्रू काढून चार टोले दिले की हातात येतो, त्यांनी या पुलरवर, म्हणजे ड्रम ओढून काढायच्या अवजारावर, पैसे घालू नयेत. हे लिहितोय ते सीजे-३बीवाल्यांसाठी, म्हणजे महिंद्राची ती उंच बॉनेटची जीप ज्यांच्या दारात आहे त्यांच्यासाठी. माझी साठच्या दशकातली आहे. मागच्या पावसाळ्याआधी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून हा पुलर आणला, तेव्हापासून माझ्या आणि ओळखीतल्यांच्या जीपवर तो चालतोय.

या जीपच्या मागच्या एक्सलचं टोक निमुळतं असतं. त्या टेपरवर हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, चावीसकट (घसरून फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) बसतो आणि बाहेरून मोठा नट त्याला आत रेटून धरतो. ड्रम हबला व्हील स्टडनीच, म्हणजे चाकाचे नट ज्यावर लागतात त्या आटेदार खुंट्यांनीच, जखडलेला, त्यामुळे हब आणि ड्रम एकत्रच ओढावे लागतात. वर्षानुवर्षं तो नट हबला टेपरवर दाबत राहतो, त्यात पावसाचं पाणी शिरतं, आणि गाडी उभीच राहिली तर गंज आपलं काम चोख करतो. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या कामाला फिरवता येत नाही. म्हणजे व्हिंटेज गाडीची नवी ‘व्हीए’ नंबरपाटी लावली की ड्रम जॅम व्हायला सवड आणखीच!

पुलरला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा. चाक फिरतंय पण ड्रम बाहेर येत नाही, तर टेपर धरलाय. चाक फिरतच नसेल तर ड्रमला आतून दाबणारे ब्रेक शू अडकलेत, तिथे पुलर काय करणार? बॅकप्लेटमागचे (ड्रममागच्या पत्र्यावरचे) शूचे अॅडजस्टर ढिले करा, ब्रेक ऑइल सोडायचा ब्लीडर उघडून बघा. जुना ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, आतून फुगला की प्रेशर कोंडून ठेवतो आणि शू मागे येत नाहीत. हँडब्रेकला दोष देऊ नका. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, वेगळ्या ड्रमवर आहे.

गॅरेजमध्ये सगळ्यात आधी बाहेर येतो तो तीन पायांचा पुलर. तो ड्रमच्या कडेला पकडतो. ड्रम ओतीव लोखंडाचा, हब टेपरवर घट्ट. सगळा जोर कडेवर येतो आणि कड तडकते किंवा ड्रम लंबगोल होतो. नंतर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. माझा पुलर कडेला शिवतही नाही. जाड फोर्ज केलेले हात स्टडवर बसतात, वरून चाकाचेच नट लागतात. मध्ये जाड आट्यांचा स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर टोले घ्यायला दोन बाजूंना आडवे कान. नट लावताना डावी-उजवी बाजू सांभाळा: माझ्या जीपला डावीकडे उलटे आटे आहेत, स्टडच्या तोंडावर ‘एल’ कोरलेला असतो.

पद्धत अशी बसली आहे. स्प्लिट पिन काढायची आणि एक्सलचा नट ढिला करून दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवायचा. हे टाळू नका. टेपर सुटताना मोठा आवाज होतो आणि नट नसेल तर ड्रम सरळ अंगावर येतो. रस्ट स्प्रे मारून रात्रभर सोडा. सकाळी स्क्रू ताणून धरा आणि घणाने कानावर टोले द्या. स्क्रूच्या टोकावर समोरून हाणू नका, तो धक्का एक्सलमधून मधल्या डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट ब्लॉकपर्यंत (दोन्ही एक्सलच्या टोकांमधला ठोकळा) आणि पलीकडच्या बेअरिंगपर्यंत जातो. हटला नाही तर ताण तसाच ठेवून चहाला जा. माझा उजवा ड्रम कोणी हात न लावता सुटला, शेजारी विचारत आले काय फुटलं म्हणून.

आता तक्रारी. भोकं ओबडधोबड होती, एका हातात स्टड जाईना, कानस मारावी लागली. स्क्रूचं टोक मऊ निघालं, काही महिन्यांत ते पसरून एक्सलच्या सेंटरमध्ये नीट बसेनासं झालं. शेवटी लेथवाल्याकडून टोकाला कडक स्टीलची गोळी बसवून घेतली, त्यानंतर कुरबुर नाही. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय स्क्रू ताणायचा नाही, नाहीतर आटे चावतात. वजन भरपूर आहे. एकट्याने एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नट लावणं म्हणजे कसरत.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या अस्तरात) फुफ्फुसाला घातक अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ऑइल सील तेव्हाच बदला, कारण डिफरन्शियलचं तेल शूवर आलं की नवे लायनरही वाया. परत बसवताना टेपर पुसून कोरडा ठेवा, ग्रीस नको. नट निदान १५० फूट-पौंडाने आवळा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर आणखी आवळून जुळवा, ढिला करून कधीच नाही.

किंमत एका टायरपेक्षा कमी पडली. वर्षातून एकदाच लागणार असेल तर तीन-चार जीपवाल्यांनी मिळून एक घ्यावा. पुण्याच्या जुन्या बाजारातही असे पुलर दिसतात. घेताना स्क्रू पूर्ण फिरवून बघा आणि आपल्या चाकाचे दोन नट खिशात ठेवा, अर्धा इंच स्टडवर ते नीट टेकतात का ते तिथेच कळतं.