बीएस्सी हॉर्टिकल्चर घ्यावं का? आठव्या सेममधून लिहितोय

हॉर्टिकल्चर म्हणजे उद्यानविद्या पहिल्या पसंतीने भरून आलेली मुलं आमच्या वर्गात बोटावर मोजण्याइतकी होती. बाकीच्यांचा ॲग्रीला, म्हणजे बीएस्सी कृषीला, नंबर लागला नाही, मग यादीत खाली जे दिसलं ते घेतलं. मी ठरवून आलो. घर सांगोला तालुक्यात, डाळिंबाची बाग, आणि बागेत तेल्या रोग. आता रावे (गावात राहून कामाचा अनुभव) झालंय, ईएलपी (प्रत्यक्ष उत्पादन करून शिकायचा उपक्रम) चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉलेजचं नाव घेणार नाही. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी एकाशी संलग्न खाजगी कॉलेज, एवढं पुरे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही विद्यापीठाखाली गेलात तरी अभ्यासक्रमाचा सांगाडा साधारण तोच, कारण तो आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) अधिष्ठाता समितीने आखून दिलेला असतो. २०२४-२५ पासून सहाव्या समितीचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. मी लिहितोय ते त्याआधीच्या, पाचव्या समितीच्या अभ्यासक्रमाबद्दल.

मत आधीच सांगून टाकतो. झाड कसं उभं करायचं हे इथे फार चांगलं शिकायला मिळतं. त्या झाडाचा धंदा कसा करायचा, हे पदवीच्या नावात नसलं तरी अभ्यासक्रमात आहे, पण शिकवण्यात फारसं नाही. पाचपैकी साडेतीन.

पहिल्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं कमी. मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जीवरसायन, संगणक, इंग्रजी. जर्नल पूर्ण करा, सही घ्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना दोन सेम जड जातात, मग सवय होते. कीटकशास्त्राची पेटी मात्र मजेची. भुंग्याला टाचणी उजव्या पंखातून मारायची, मधोमध नाही, एवढ्यावर आमच्या सरांनी अख्ख्या बॅचच्या पेट्या परत पाठवल्या होत्या. दुसऱ्या वर्षापासून फळशास्त्र, भाजीपाला, फुलशेती, काढणीपश्चात तंत्रज्ञान असे खरे विषय लागतात, आणि ॲग्रीवाल्यांपेक्षा आपल्याला काय वेगळं मिळतंय ते तिथे कळतं. ते ऊस-सोयाबीनपासून कोंबड्यांपर्यंत सगळं थोडं थोडं करतात. आपण छाटणी, बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम), कलम यातच चार वर्षं काढतो.

कलमाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते फीचे पैसे तिथेच वसूल होतात. आंब्याच्या मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या खोडावरच्या, कलमाची पुस्तकातली आकृती बघून वाटतं, यात काय अवघड? खुंट (खालचं मुळांचं रोप) कापा, मधोमध चीर द्या, पाचर केलेली हव्या जातीची काडी बसवा, पट्टी गुंडाळा. आमच्या नर्सरीत कामाला असलेल्या मामांनी पहिल्याच दिवशी चाकू बाजूला ठेवायला लावला आणि आधी काडी निवडायला पाठवलं. ज्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली आहेत, देठ हात लावताच गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगलाय पण फुटलेला नाही, तीच काडी चालते. खुंटाची जाडी आणि काडीची जाडी जुळली पाहिजे. नसेल जुळत तर निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडली पाहिजे. पाचरीचा काप एका ओढीत झाला पाहिजे. दोनदा पातं फिरलं की पृष्ठभाग वर-खाली होतो, आत हवा राहते, काडी काळी पडते. वरून प्लॅस्टिकची टोपी घालायची ती दमटपणा टिकावा म्हणून. एवढं सगळं मामा न बोलता करतात आणि तुम्ही बघत बसता. परीक्षेत यावर एक प्रश्न येतो, तो पाठ करूनही लिहिता येतो. पण ज्याचा हात बसला तो पावसाळ्यात कुठल्याही रोपवाटिकेत उभा राहिला तरी त्याला काम आहे.

तेल्याबद्दल मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते औषधाचं नाव नव्हतं. तो जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या थेंबांनी उडत एका फांदीवरून दुसरीवर जातो, छाटणीच्या कात्रीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, उबदार दमट हवेत फोफावतो. मग मृग बहार धरून ऐन पावसाळ्यात फळं वाढवायची आणि दर आठवड्याला फवारत बसायचं, हे मुळातच उलट नाही का? बागेला विश्रांती द्या, पावसाळा सरतानाच्या हस्त बहारावर या, पाणी तोडून ताण नीट बसू द्या, रोगट काड्या कापून जाळा, कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करा. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची माणसंही हेच सांगतात. ते आमच्या घरापासून फार लांब नाही, तरी आधी कधी गेलो नव्हतो. आमच्याकडे कृषी सेवा केंद्रवाला जी बाटली देईल ती मारायची पद्धत. ती मोडायला मला कॉलेजची तीन वर्षं आणि आबांशी बरीच भांडणं लागली.

दुसरं मोठं भांडण हिशेबावरून झालं. शेती अर्थशास्त्राच्या प्रॅक्टिकलला उत्पादन खर्च अ, ब, क अशा पायऱ्यांनी काढायला शिकवतात. अ म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेला पैसा: खतं, औषधं, बाहेरची मजुरी, वीज. ब मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरायचं. क मध्ये घरच्यांची मजुरीही. मी घरच्याच बागेचा हिशेब केला. अ वर बाग छान नफ्यात होती. क वर आलो तेव्हा हातात राहण्यासारखं थोडंच उरलं, कारण फळं विरळण्यापासून प्रतवारीपर्यंतची बरीच कामं आईच्या हातची. वही आबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हंजी तुझी आय आपल्याकडं रोजानं हाय व्हय?" आतून आई म्हणाली, "आसंल तर आजवरचा रोज द्या की मग." हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी तो एका तासात उरकला होता. माझ्या मते अख्ख्या पदवीतला सगळ्यात कामाचा तास तोच.

रावे म्हणजे ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव. सातव्या सेमला एखाद्या गावात जाऊन राहायचं, शेतकऱ्यांबरोबर काम करायचं आणि प्रात्यक्षिकं दाखवायची. आमच्या वाट्याला द्राक्षाचं गाव आलं. मुलांना उद्यानदूत म्हणतात, मुलींना उद्यानकन्या. गावातल्या लोकांना दोन्ही नावांचं हसू येतं. ज्यांनी आयुष्यभर खरड छाटणी आणि गोडी छाटणी (द्राक्षाच्या वर्षातल्या दोन छाटण्या) केली त्यांना आम्ही काय शिकवणार, असं वाटायचं. तरी एक गोष्ट चालली: बोर्डो मिश्रण, बुरशीवरचं घरी करता येणारं औषध. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतायचं, मग त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. बरेच जण तयार पुडी आणून मारायचे आणि पानं करपली की कंपनीला शिव्या घालायचे. त्या खिळ्याने आमची थोडी पत वाढली. त्यानंतर चहाला बोलवायला लागले. बाकी रावेत कागदकाम फार. गावाचा रांगोळीचा नकाशा, फोटो, वर्तमानपत्रातली बातमी, फाइल. बातमी छापून आणली तर शेरा चांगला पडतो, असा समज आहे आणि तो खोटा नाही.

ईएलपीला आम्ही भाजीपाल्याची रोपं केली. १०४ कप्प्यांचे ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), टोमॅटो, मिरची. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येतं आणि त्यानंतर ते तुमच्यासाठी थांबत नाही. उंच होतं, पिवळं पडतं, मुळं ट्रेच्या तळाशी गुंडाळायला लागतात. बाजारात टोमॅटो पडला की बुकिंग केलेला शेतकरी फोन उचलत नाही. त्यामुळे ॲडव्हान्सशिवाय बी टाकायचं नाही, हा नियम मामांनी आम्हाला पहिल्या आठवड्यात घालून दिला. अभ्यासक्रमातल्या उद्योजकतेच्या धड्यात तो कुठेच नाही. रोपाचा दर ठरवणं, फुटकळ गिऱ्हाईक आणि मोठा बागायतदार यांना वेगळं बोलणं, मेलेली रोपं किती बदलून द्यायची हे ठरवणं, हा धंदा आम्ही तिथे शिकलो. पण तो शेवटच्या सेमला. पहिल्या वर्षापासून थोडा थोडा का नाही?

विक्रीच्या बाबतीत माझी तक्रार हीच आहे. मार्केटिंगच्या विषयात व्याख्या, प्रकार आणि वाहिन्या पाठ करून घेतात. पण आडत्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) कशी वाचायची, त्यात हमाली, तोलाई, वाराई कशी कापतात, हे कुणी वर्गात पट्टी आणून दाखवत नाही. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडत (आडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, यावर एक वाक्यही आमच्या नोट्समध्ये नव्हतं. निर्यातीचंही तसंच. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर द्राक्षबागेची नोंदणी, औषधांच्या अवशेषांची तपासणी, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचा प्रतीक्षा काळ, हे मला रावेच्या गावातल्या एका बागायतदाराने त्याच्या फवारणीच्या वहीवरून समजावलं. लासलगावला आंब्यावर विकिरण (किरणांचा मारा) करून तो २००७ पासून अमेरिकेला जायला लागला, हे परीक्षेत विचारतात. तिथे सहल नेत नाहीत.

नोकरीचं विचारणारे बरेच असतात. बँकेच्या कृषी अधिकारी पदाला उद्यानविद्येची पदवी चालते, एमपीएससी कृषी सेवा आहे, आणि आमच्या हॉस्टेलचा अर्धा मजला रात्री दोनपर्यंत त्यासाठीच जागा असतो. कंपन्या बियाणं-औषधाच्या विक्रीला घेतात: मोटारसायकल, टार्गेट, तालुका. वाईट नाही, पण कलम बांधायचा हात तिथे वाया जातो. कृषी सेवा केंद्राच्या परवान्यालाही पदवी उपयोगी पडते. पुढे एमएस्सी करायची असेल तर तिसऱ्या वर्षापासूनच आयसीएआरच्या परीक्षेची तयारी धरा. आठव्या सेमला जागं होणाऱ्यांचं एक वर्ष जातं.

घरी बाग नसेल आणि फक्त पदवी हवी असेल तर ॲग्री बरं, जाहिराती जास्त निघतात. घरी बाग असेल किंवा रोपवाटिका काढायची असेल तर हॉर्टी घ्या, बिनधास्त. फळझाडांची कलमं विकायची तर १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो. मातृवृक्ष (ज्यांच्या काड्या कलमाला घेतात ती झाडं) कुठले, खुंट कुठून आणले, नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं चार वर्षांत आपसूक कळतं. मी तोच अर्ज भरणार आहे. आबांनी विहिरीजवळची पडीक पट्टी द्यायचं कबूल केलंय, आईने अजून नाही.

खाजगी कॉलेज बघायला जाणार असाल तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये माहितीपुस्तिका घेऊन बसू नका. थेट पॉलिहाऊसकडे जा. आमच्या इथला पॉलिहाऊसचा प्लॅस्टिक कागद दोन वर्षं फाटलेला होता आणि जरबेरा फुलाचं प्रॅक्टिकल फळ्यावर झालं. नर्सरीत मातृवृक्षांवर जातीच्या पाट्या आहेत का बघा, ठिबक चालू करून दाखवायला सांगा, आणि कामावर असलेल्या मामांना विचारा की मुलांच्या हातात चाकू कितव्या वर्षी देता.