आधी जीएनएम, मग पोस्ट बेसिक : नऊ महिन्यांनंतरचा हिशेब

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला, म्हणजे जीएनएम झालेल्या नर्सनी पुढे करायच्या पदवीला, बसून नऊ महिने झाले. त्याआधी तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, आणि अडीच वर्षं एका खासगी आयसीयूत नोकरी. बारावीचा निकाल लागला की नात्यातून फोन सुरू होतात, "पोरीला नर्सिंगला घालायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी बारावी आर्ट्स. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, त्यामुळे तो रस्ता मुळातच बंद. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, फक्त इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत. कॉलेज निवडलं ते वडिलांनी, एका दुपारी, इमारत बघून. तीन मजले, दर्शनी काच, आत स्किल लॅबमध्ये प्लास्टिकची बाहुली. होस्टेलला गरम पाणी. "मोठं दिसतंय," म्हणाले आणि पैसे भरले. त्याच खिडकीवर दहावी-बारावीची ओरिजिनल कागदपत्रं जमा करून घेतली. ती परत मिळवायला पुढे मला चार हेलपाटे पडले.

नर्सिंग कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे मुलींना प्रत्यक्ष काम शिकायला जोडलेलं रुग्णालय, असावं, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. आमच्याकडे १०० खाटा होत्याच. पेशंट मात्र बऱ्या दिवशी पंचवीस-तीस. तपासणीची टीम येणार त्या सकाळी दुसऱ्या वर्षाच्या आम्हा मुलींनाच गाऊन घालून झोपवलं. माझ्या हातावर सलाईनची नळी नुसती चिकटपट्टीने लावलेली आणि पायाशी अडकवलेल्या कागदावर 'अपेंडिक्स'. शेजारची हसू दाबत होती, तिला 'दमा' मिळाला होता. तेव्हा आम्हाला गंमतच वाटली. नंतर आयसीयूत पहिल्यांदा खरी नस शोधताना हात लटपटला, तेव्हा ती सकाळ आठवली.

लेबर रूमचंही तेच. पासआउट होईपर्यंत केसबुकात वीस नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केल्याची नोंद लागते. पेरेंट हॉस्पिटलात एक बाई आली की आठ जणी भोवती उभ्या, आणि संध्याकाळी आठही वह्यांत तीच बाई. मला तारलं ते जिल्हा रुग्णालयाच्या पोस्टिंगने. तिथल्या नाइटच्या सिस्टरांनी पहिल्याच रात्री माझ्या हातातली वही काढून ट्रॉलीखाली सारली. "लिहायचं सकाळी. आता हात दे इकडं." बाळाचं डोकं दिसायला लागलं तसा माझा डावा तळवा त्यांनी डोक्यावर टेकवला, उजव्यात पॅड देऊन तो पेरिनियमला (योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागाला) लावला आणि वरून स्वतःचा हात ठेवला. "दाबू नको. नुसतं येऊ दे, घाई करू देऊ नको." तीन वर्षांच्या फीमध्ये मला खरोखर मिळालं असेल, तर ते त्या सहा आठवड्यांत.

पुढचं पटापट सांगते. बोर्डाची परीक्षा पास झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशन झालं, नोकरी लागली. माझ्याबरोबर लागलेल्या बीएस्सीवाल्या मुलीला माझ्यापेक्षा हजारभर रुपये जास्त. ड्युटी तीच, पेशंट तेच, ओरडाही तोच. मग डिग्री कशाला? फरक नंतर कळतो. एम्सच्या नॉर्सेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरती परीक्षेला, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाली थेट बसते. एमएस्सी करायची तर डिग्रीशिवाय दारच नाही. आणि पन्नाशीत नाइट करायच्या नसतील, तर शिकवण्याची वाट उघडी असलेली बरी.

आता पोस्ट बेसिकचा अनुभव. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा दोन वर्षांचा नियमित कोर्स. चांगलं काय? मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. आयसीयूत अडीच वर्षं एबीजीचे (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) आकडे फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवले, त्यांचा एकमेकांशी काय संबंध ते आता कुठे कळतंय. पेशंट पाहिलेले असले की पुस्तक वेगळं वाचलं जातं. वाईट काय? नर्सिंग फाउंडेशन पुन्हा पहिल्यापासून. बेड मेकिंगच्या प्रॅक्टिकलला चादरीच्या कोपऱ्याची घडी चुकली म्हणून माझ्याहून लहान ट्यूटर मॅडमने सगळ्यांसमोर मला पलंग परत करायला लावला. केला. घडी खरंच चुकली होती.

सगळ्यात जड जातो तो पगार. महिन्याला १६,००० येत होते ते थांबले. दोन वर्षांचे झाले ३,८४,०००, फी वेगळीच. हा आकडा ॲडमिशनच्या खिडकीवर कुणी सांगत नाही. माझ्या जुन्या वॉर्डातल्या एका ताईंनी म्हणूनच इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, पोस्ट बेसिक धरला. तो किमान तीन वर्षांचा, नोकरीत असलेल्यांसाठी, प्रवेश परीक्षा देऊन. पगार चालू राहतो, पण सुट्टीचा दिवस म्हणून काही उरत नाही. घरी लहान मूल असतं तर मीही तेच केलं असतं.

ज्यांच्याकडे बायोलॉजी आहे त्यांनी माझ्या वाटेने येऊच नये, सीईटी देऊन सरळ बीएस्सीला जावं. तिथे चार वर्षं, इथे तीन आणि दोन पाच, वर मधली नोकरी. "आधी जीएनएम कर, स्वस्त पडतं," हा सल्ला देणाऱ्याने दुसरी बेरीज केलेली नसते. खासगी बीएस्सी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. माहितीपत्रकातला आकडा तिच्याशी ताडून बघा.

यंदा मामेबहिणीसाठी तीन कॉलेजं बघितली. तिला सायन्सला बरे मार्क आहेत. मंगळवारी, न कळवता गेलो. ऑफिसात न जाता दोघी ओपीडीच्या बाकड्यावर तासभर बसलो आणि कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठलं. पहिल्या ठिकाणी ओपीडीत आमच्याशिवाय चार माणसं. दुसऱ्या ठिकाणी मुली बोलायलाच तयार नव्हत्या, ट्यूटर आल्या की उठून जायच्या. तिसरी इमारत जुनाट, भिंतींना ओल, बसायला जागा नाही. लेबर रूमबाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, काल किती झाल्या?"

"दिवसा पाच. रातीचं मला काय ठावं, माझी नाइट नव्हती. पाय उचला."

बहिणीने पाय उचलले, आणि बाहेर येऊन प्राधान्यक्रमात ते कॉलेज एक नंबरला टाकलं. मामा अजून नाराज आहेत, त्यांना काचेची इमारत आवडली होती.