स्टार्टलाच चाकं जागेवर फिरतात? रेसिंग गेम घेण्याआधी हे चार ताडून पाहा

पाच लाल दिवे एकेक करून लागतात, एकदम विझतात आणि आजूबाजूच्या गाड्या सूं करून निघून जातात. आपली गाडी तिथंच धूर काढत उभी. कशीबशी हलते तोवर दहाव्या क्रमांकावरून अठराव्यावर आलेलो असतो. तो राग घेऊन पहिल्या वळणावर जरा जास्तच रेस देतो, मग मागची बाजू सुटते आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहते. मी याच वैतागानं एक गेम तीन आठवड्यांत बंद करून ठेवला होता. वर्षभरानं एका मित्राकडे तोच गेम स्टीअरिंग व्हीलवर खेळलो, तेव्हा कळलं की पॅडवर, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर, जी गाडी अंगावर येत होती ती व्हीलवर चक्क ऐकते. तेव्हापासून कुणी ‘कुठला रेसिंग गेम घेऊ?’ असं विचारलं, की मी आधी विचारतो, ‘हातात काय आहे, पॅड की व्हील?’

इथं चार गेम ताडून पाहतोय: फोर्झा होरायझन ५, ग्रान टुरिझ्मो ७, एफ१ २३ (म्हणजे फॉर्म्युला वनचा गेम) आणि असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने. ग्राफिक्स सगळ्यांचेच डोळे दिपवणारे आहेत, त्यामुळे तो मुद्दा सोडून देतो. बघायचं ते इतकंच, की वळणावर गाडी कशी वागते आणि रेस सुरू होताना काय होतं.

आधी गाडी का सुटते, ते समजून घेऊ, कारण चारही गेममध्ये मूळ कारण एकच आहे. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. वळण्यावर खर्च झाला की रेस द्यायला कमी उरतो. ब्रेकवर सगळा उडवला की वळायला काहीच उरत नाही. वळणाच्या मध्यावर, स्टीअरिंग अजून वळलेलं असताना ट्रिगर (पॅडवरचं रेस द्यायचं बटण) पूर्ण दाबला, की मागच्या चाकांचा हिशेब कोलमडतो आणि गाडी फिरते. स्टार्टलाही तेच. टायर किंचित घसरत असताना सर्वांत जास्त पकडतो, पण भसकन फिरायला लागला की पकड कमी होते. घाटात चढावर गाडी थांबल्यावर आपण हाफ क्लचवर धरून ती अलगद उचलतो ना, तीच गोष्ट इथं बोटांनी करायची असते. अडचण अशी की पॅडच्या ट्रिगरचा सगळा प्रवास एखाद्या सेंटिमीटरचा. अर्धी रेस आणि पाऊण रेस यांतला फरक त्या तेवढ्याशा जागेत शोधायचा असतो. स्टीअरिंगचंही तसंच. लॉजिटेक जी२९ सारखं व्हील ९०० अंश फिरतं, तर पॅडची काडी (गाडी वळवायची स्टिक) अंगठ्यानं जेमतेम हलते.

म्हणून पॅडवाल्यांसाठी मी फोर्झा होरायझन ५ सर्वांत वर ठेवतो. २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आलेला, मेक्सिकोत घडणारा हा गेम २०२५ पासून पीएस५ (प्लेस्टेशन ५) वरही मिळतो. यात काडी झटक्यात हलवली तरी गेम ती हालचाल मऊ करून गाडीपर्यंत पोचवतो. स्टीअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘सिम्युलेशन’ दिसेल. नाव भारदस्त असलं तरी पॅडवर त्याला हात लावू नका, ‘स्टँडर्ड’वरच ठेवा. चूक झाली तर रिवाइंडचं बटण दाबून काही सेकंद मागं जाता येतं आणि तेच वळण पुन्हा घेता येतं. शिकणाऱ्याला याचं मोल फार आहे, कारण चूक आणि तिची दुरुस्ती यांत दहा सेकंदही जात नाहीत.

स्टार्टला मात्र या गेममध्येही लोक चिडतात. मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी घेऊन, ट्रॅक्शन कंट्रोल (रेस देताना चाकं घसरू न देणारी मदत) बंद ठेवून ट्रिगर पूर्ण दाबला तर चाकं फिरणारच. गॅरेजमध्ये बहुतेक गाड्यांना चारही चाकांची ड्राइव्ह बसवता येते. ती बसवली की स्टार्टचा प्रश्न जवळपास मिटतो. पण त्या गाडीची वळणावरची मूळची मजा थोडी जाते, हेही सांगायला हवं. मला विचाराल तर गाडी आहे तशी ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रिगर साधारण निम्मा दाबून निघा.

ग्रान टुरिझ्मो ७ (२०२२, फक्त पीएस४ आणि पीएस५) वेगळ्या स्वभावाचा आहे. रिवाइंड नाही. चुकलात तर चुकलात, रेस पुन्हा पहिल्यापासून. पण हा गेम शिकवतो, आणि इतक्या शिस्तीनं शिकवणारा दुसरा मला माहीत नाही. यात लायसन्सच्या परीक्षा आहेत. सुरुवातीची परीक्षा काय, तर गाडी सुरू करायची, वेग घ्यायचा आणि आखलेल्या जागेत थांबवायची. ऐकायला पोरकट वाटतं, पण ब्रेक किती आधी आणि किती जोरात मारायचा याचं भान तिथंच येतं. मग एकेक वळण सुटं काढून देतात आणि तेच पुन्हा पुन्हा घ्यायला लावतात. ट्रॅक्शन कंट्रोल ० ते ५ असं पायरीपायरीनं बदलता येतं. ५ वर सुरू करा, दर आठवड्याला एक पायरी खाली या. शिवाय पीएस५ च्या पॅडवर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं की ब्रेकचा ट्रिगर बोटाखाली थरथरतो. गाडी पकड सोडायला लागलीय हे डोळ्यांआधी बोटाला कळतं, आणि पॅडवर यापेक्षा मोठी मदत नाही.

इथं स्टार्टचा त्रास कमी, कारण एकट्यानं खेळायच्या बऱ्याच रेसमध्ये रोलिंग स्टार्ट असतो, म्हणजे गाड्या आधीच धावत असतात. पण त्यात एक खोट आहे. तुम्ही अगदी मागं असता आणि पहिली गाडी खूप पुढं निघून गेलेली असते. मग ती रेस कमी आणि पाठलाग जास्त होतो. चाकाला चाक लावून झुंजायची हौस असेल तर ती इथं ऑनलाइन गेल्याशिवाय फारशी भागत नाही. खेळायचा बहुतेक भाग इंटरनेटशिवाय चालतच नाही, तेव्हा गावी नेट रडत असेल तर आधीच विचार करा.

एफ१ २३ वर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण स्टार्टबद्दलचा सगळ्यात मोठा वैताग या मालिकेतल्या गेमबद्दलच ऐकू येतो. क्लचचं बटण दाबून धरायचं, इंजिनचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) एका पट्ट्यात स्थिर ठेवायचे, पाचवा दिवा लागल्यावर वाट पाहायची, आणि दिवे विझले की क्लच सोडायचा. दिवे किती वेळानं विझतील ते दर वेळी बदलतं, त्यामुळे मनात आकडे मोजून उपयोग नाही. आधी सुटलात तर दंड. आरपीएम जास्त असले तर चाकं फिरतात, कमी असले तर गाडी मरगळल्यासारखी निघते. आणि हे सगळं वीस गाड्यांच्या गर्दीत.

यावर उपाय आहे, फक्त तो क्लचमध्ये शोधू नका. बहुतेक लोक क्लच बरोबर सोडतात आणि लगेच पुढच्या क्षणी ट्रिगर पूर्ण दाबतात. खरी गडबड तिथं होते. क्लच सुटल्यावर रेस हळूहळू वाढवायची आणि दुसरा गिअर जरा लवकर टाकायचा. ट्रॅक्शन कंट्रोल ‘मीडियम’वर ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. पूर्ण बंद करून दर वळणाला गिरक्या खाण्यापेक्षा मीडियमवर पूर्ण रेस खेळून हात लवकर तयार होतो. पॅडवर स्टीअरिंग नेमकं वाटावं म्हणून या आवृत्तीत खास बदलही केलेले आहेत. फ्लॅशबॅकनं मागं जाता येतं, तेव्हा पहिल्या वळणावर कुणी ठोकलं तरी संध्याकाळ वाया जात नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन रेस झाल्या, तेव्हाच्या एफ१ गेममध्ये तो ट्रॅक होता. नव्यात नाही, याची हळहळ वाटते.

उरला असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, २०१९ चा. सगळा भर जीटी३ गाड्यांवर, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांवर. पॅडवर घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. खेळता येतो, पण गाडी जे सांगत असते ते व्हीलच्या ताणातून सांगते आणि पॅडवर त्यातलं फारच थोडं पोचतं. व्हील असेल तर मात्र चारांत सर्वांत प्रामाणिक गाडी हीच. आश्चर्य वाटेल, पण इथं स्टार्ट सोपा आहे. या गाड्यांच्या खऱ्या रेसप्रमाणे रोलिंग स्टार्ट असतो, आणि ट्रॅक्शन कंट्रोल व एबीएस गाडीतच असल्यानं ते वापरणं फसवणूक ठरत नाही. जपायचं ते पहिल्या लॅपला. टायर गार असतात, त्यामुळे रोजच्या जागी ब्रेक मारलात तर गाडी थेट वाळूत जाईल.

तेव्हा पॅड आहे आणि आठवड्यात दोन-तीन तासच मिळतात, तर फोर्झा. पॅडच आहे, पण खरोखर चालवायला शिकायचंय आणि चिकाटी आहे, तर ग्रान टुरिझ्मो. स्टार्टचा तो थरारच हवा असेल, तो जमेपर्यंत शंभर वेळा फसायची तयारी असेल, तर एफ१. व्हील घरात आलेलं असेल तर कॉम्पेटिझिओने. घरात दोघं भावंडं भांडत असतील तर ग्रान टुरिझ्मोमध्ये पडदा दोन भागांत वाटून एकत्र खेळता येतं.

आणि यांपैकी एखादा आधीच घेऊन कपाटात टाकला असेल, तर नवा घेण्यापूर्वी टीव्हीचा गेम मोड चालू करून पाहा. तो बंद असला की बोट हलल्यावर पडद्यावरची गाडी किंचित उशिरा हलते. ते लक्षात न आल्यानं आपण स्टीअरिंग जास्त वळवतो, आणि मग गाडी सुटते.