चॅम्प की सेसना १४०? जुनं विमान गॅरेजमध्ये आणण्याआधी

मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ओहायोत राहतो आणि माझ्या गॅरेजमध्ये १९४६ चं एरोंका चॅम्प हे दोन सीटचं छोटं विमान सुटं होऊन पडलंय. हे विमान इथल्याच मिडलटाउनच्या कारखान्यात बनलेलं. पण मी ते घेतलं त्याच सुमारास एका मित्राने तसंच दोन सीटचं सेसना १४० घेतलं, आणि गेली चार वर्षं आम्ही शनिवार-रविवार एकमेकांच्या विमानाला हात लावतोय. त्यामुळे दुखणी दोन्हीकडची माहीत आहेत.

पायपर कबचं आधी मिटवू, कारण जुनं विमान म्हटलं की डोळ्यांसमोर तेच पिवळं विमान येतं. १९३८ ते १९४७ या काळात जे-३ कब वीस हजारांच्या घरात बनली. बहुतेकांचं इंजिन चॅम्पसारखंच ६५ अश्वशक्तीचं, सांगाडा तसाच पोलादी नळ्यांचा, वर कापड. तरी किंमत जास्त, कारण त्यात नावाचे पैसे असतात. शिवाय कब एकट्याने उडवायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं आणि धावपट्टीवर समोरचं काही धड दिसत नाही. चॅम्पमध्ये पुढे बसता येतं. वडिलांनी कब उडवलं होतं किंवा लहानपणापासून तेच मनात आहे, असं काही असेल तर जरूर घ्या. नसेल तर पुढे वाचा.

चॅम्प आणि १४० ही एकाच लाटेतली विमानं. युद्ध संपलं, हजारो वैमानिक घरी परतले, आणि आता प्रत्येक जण मोटारीसारखं विमान घेणार असं कंपन्यांना वाटलं. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत पस्तीस हजारांच्या आसपास नागरी विमानं बनली, आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. आज आपल्याला ही विमानं आवाक्यात मिळतात ती त्या फसलेल्या हिशेबामुळे.

चॅम्प म्हणजे वेल्डिंग केलेला नळ्यांचा सांगाडा, पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखभर आडवे जाणारे मुख्य वासे), ॲल्युमिनियमच्या फासळ्या आणि वरून कापड. मूळ विमानाला स्टार्टर नाही, बॅटरी नाही. पंखा हाताने फिरवून चालू करायचं. सीट एकामागे एक. याचीच शेजारी-शेजारी सीटची बहीण म्हणजे एरोंका चीफ. १९५८ साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं पुष्पक हे या चीफच्याच घाटाचं. भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पुष्पकवर शिकलेले एखादे काका ओळखीचे असतील, तर त्यांना चॅम्पचा फोटो दाखवून बघा.

सेसना १४० कॅन्ससमधल्या विचिटाचं. ८५ अश्वशक्ती, स्टार्टर, दिवे, शेजारी-शेजारी सीट, चॅम्पच्या जवळपास दुप्पट इंधन, आणि वेग ताशी शंभर मैलांच्या पुढे. चॅम्प पंचाऐंशीला खूश असतं. बायकोला किंवा नवऱ्याला बरोबर घेऊन दोनशे मैलांवर जेवायला जायचं असेल, तर उत्तर इथेच मिळालं. १४० चं धड पत्र्याचं असलं तरी पंखांवर मुळात कापडच होतं. पत्र्याचे पंख १९४९ च्या १४०-ए पासून आले. मात्र जुन्या १४० च्या पंखांवरही पुढे अनेकांनी पत्रा चढवला. जाहिरातीत ‘मेटल विंग’ वाचून हुरळून जाऊ नका. वजन वाढतं, आणि दोन धट्टीकट्टी माणसं बसली की टाकी पूर्ण भरता येत नाही.

वेग, सीट, स्टार्टर यांची तुलना कुठेही मिळेल. दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक वेगळाच आहे: यातलं कुठलं विमान आपलं दुखणं लपवतं?

चॅम्पचं कापड एकदा उतरवलं की सगळं उघडं पडतं. शेपटीकडच्या खालच्या नळ्यांत पाणी साचून गंज धरतो. तिथे टोच्या दाबून बघायचा. आत गेला तर नळीचा तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायचा. उंदरांची घरटी सापडतात, आणि त्यांच्या मुताने फासळ्या खाल्लेल्या असतात. हे सगळं ओंगळ असतं, पण दिसतं.

लाकडी स्पारचं दुखणं मात्र बारीक असतं. माझ्या विमानाच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत, १९६१ सालची एकच ओळ होती: डाव्या पंखाचं टोक दुरुस्त केलं. कधीतरी उतरताना विमान गर्रकन फिरून पंख जमिनीला टेकला असणार. कापड काढलं तेव्हा स्पार मधासारखा पिवळाधमक, कुठे डाग नाही. आमच्या मेकॅनिकने टॉर्च अगदी आडवा, लाकडाला टेकवून धरला. स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा दांडा, जिथे पंखाला लागतो त्याच्या वीतभर बाहेर, वरच्या कडेला, लाकडाच्या रेषांना काटकोनात केसाएवढी सावली पडली. मी त्यावरून नख फिरवलं तर ते किंचित अडकलं. दाबाखाली लाकडाचे तंतू चुरगळले की अशी चीर पडते. त्याने पेन्सिलने तिच्याभोवती गोल काढला आणि काही न बोलता कॉफी करायला गेला. स्पार नवा घ्यावा लागला. या लाकडी स्पारची तपासणी २००० सालच्या सरकारी आदेशाने सक्तीची झाली आहे. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: पंख कधी जमिनीला टेकलाय का, आणि त्यानंतर स्पार कोणी, कसा पाहिला?

१४० सभ्य दिसतं. चकचकीत पॉलिश केलेलं असेल तर फारच. पण पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर गंजापासून वाचवतो, आणि वर्षानुवर्षं पॉलिश करत राहिलं की तो घासून जातो. खरी भानगड आत असते. चाकांचे पोलादी पाय धडाला जिथे जोडलेत ती पेटी, म्हणजे गिअर बॉक्स, सत्तर-ऐंशी वर्षांच्या आदळआपटीने वाकलेली किंवा तडकलेली असते. जोरात ब्रेक मारला की १४० नाकावर जायला बघतं, म्हणून अनेकांनी चाकं पुढे सरकवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांचा पीळही त्याच पेटीवर येतो. मित्राच्या विमानात सीटखालचा गालिचा उचलल्यावर जोडपत्र्यांच्या फटीत पांढरी पूड दिसली, रांगोळी सांडल्यासारखी. ती किती खोल गेलीय हे रिव्हेट काढल्याशिवाय कळत नाही. आणि रिव्हेट काढायला लागलं की ‘एवढं एकच’ कधीच राहत नाही.

हातकामाची जातही वेगळी. पत्र्याच्या कामाला दोन माणसं लागतात: एक बाहेरून रिव्हेट ठोकणारी हवेची बंदूक धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा. आवाज असा की रात्री आठनंतर शेजाऱ्यांची आठवण ठेवावी लागते. कापडाचं काम शांत, एकट्याने होणारं, पण वासाचं. हल्ली सुती कापड जाऊन पॉलिएस्टर आलंय. ते कडांना चिकटवायचं, मग इस्त्रीने आटवायचं, आधी २५० अंश फॅरनहाइट आणि शेवटी ३५०. इस्त्री साधी घरातली चालते, पण तिच्या चकतीवर विश्वास ठेवायचा नाही. थर्मामीटरने मोजून खुणा करायच्या. सैल कापड डोळ्यांदेखत डफासारखं ताणलं जातं. त्यानंतर मेणाच्या दोऱ्याने प्रत्येक फासळीला टाके. आई सांगलीहून सहा महिने आली होती. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई. दोन दिवस गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “गाठ मारताना खालचा दोरा ढिला सोडतोयस रे.” खरंच सोडत होतो. चौदा टाके उसवले.

इंजिनाच्या बाबतीत डोक्याला ताप करून घेऊ नका. चॅम्पचं ए-६५ आणि १४० चं सी-८५, दोन्ही कॉन्टिनेंटल कंपनीची आणि एकाच घराण्यातली. तरी १४० ला थोडा फायदा आहे: सेसना १५० मधल्या ओ-२०० इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा मुख्य दांडा) सी-८५ मध्ये बसवायला मंजूर मार्ग आहे. ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) कुठल्याही इंजिनाचं केलं तरी बिल पाच आकडी डॉलरचं होतं, आणि ‘इंजिन हाताने फिरतंय’ हे वाक्य म्हणजे इंजिन चांगलं असल्याचा पुरावा नव्हे.

परवान्याचा मुद्दा आता जवळजवळ निकालात निघालाय. पूर्वी स्पोर्ट पायलटला, म्हणजे छोट्या विमानांपुरता सोपा परवाना असलेल्याला, भरलेल्या विमानाच्या वजनाची १,३२० पौंडांची मर्यादा होती. चॅम्प १,२२० चं म्हणून आत, १४० हे १,४५० चं म्हणून बाहेर. २०२५ च्या ऑक्टोबरपासून वजनाची ती अट गेली आणि १४० सुद्धा आत आलं. केवळ वजनासाठी चॅम्प घेणार असाल, तर ते कारण आता उरलेलं नाही.

नियम दोघांना सारखेच, आणि ‘हौशी’ या शब्दाने इथे फसायला होतं. घरी बनवलेल्या विमानाला जी मोकळीक असते ती या कारखान्यात बनलेल्या विमानांना नसते. काम तुम्ही करू शकता, पण परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली. आणि मोठ्या दुरुस्तीच्या फॉर्म ३३७ वर तपासणीचा अधिकार असलेल्याची सही लागते. म्हणून मी आधी माणूस शोधायला सांगतो, विमान नंतर. तुमच्या विमानतळावरचा मेकॅनिक जन्मभर पत्र्यात वाढलेला असेल आणि लाकूड बघून नाक मुरडत असेल, तर माझं चॅम्पपुराण विसरा आणि १४० घ्या. उलट असेल तर उलट.

जागेचं म्हणाल तर दोन्ही धडं साडेएकवीस फुटांच्या आसपास. दोन मोटारींच्या गॅरेजमध्ये रडर (शेपटीचं उभं सुकाणू) काढून, तिरकं, कसंबसं मावतं. पंख भिंतीला. मोटार चार वर्षं बर्फात.

माझं मत विचाराल, तर पहिलंच विमान, एकट्याने काम, घाई नाही आणि संध्याकाळी गावाभोवती घिरट्या घालायच्या आहेत: चॅम्प. प्रवास करायचाय, बरोबर कोणीतरी आहे, दोन वर्षांच्या आत उडायचंच आहे: १४०, पण खोक्यातलं, म्हणजे सुटं करून ठेवलेलं, नको, या वर्षीची तपासणी झालेलं, उडतं असलेलं घ्या. उडतं विमान महाग वाटतं, पण खोक्यातल्या विमानाला सुटे भाग, रंग, इंजिन धरून शेवटी त्याहून जास्तच लागतात. मित्राने उडतं घेतलं. तो हिवाळ्यात दुरुस्ती करतो आणि उन्हाळ्यात उडतो. मी खोक्यातलं घेतलं. दोन वर्षांत होईल असं बायकोला सांगितलं होतं. सध्या उजवा पंख घोडीवर आडवा आहे, कापड एका बाजूला चिकटवून झालंय, आणि इस्त्रीच्या खुणा परत तपासायच्या आहेत.