ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी: ब्लीच की साबणाचं पाणी?

गळती थांबली, प्लंबर गेला आणि भिंतीवर काळी-हिरवी बुरशी तेवढी मागे राहिली, की पहिला प्रश्न हाच पडतो. मी दोन्ही करून पाहिलंय, तेही एकाच भिंतीवर, महिन्याभराच्या अंतराने. पाइप अजून झिरपत असेल तर मात्र आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर दोन्हींपैकी काहीच टिकणार नाही.

बहुतेकांचा हात आधी ब्लीचकडे जातो. माझाही गेला. आमच्याकडे बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप झिरपत होता आणि समोर कपाट असल्याने कळलं तेव्हा हातभर डाग पसरला होता. ४ लिटर पाण्यात १ कप ब्लीच, खिडक्या सताड उघड्या, हातात रबरी मोजे, सगळं नीट केलं. पाहता पाहता काळा डाग पांढरा पडला. इतकं हायसं वाटलं की त्याच संध्याकाळी कपाट परत जागेवर सरकवलं.

तीन आठवड्यांनी कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. कपाट ओढलं, तर समोरून भिंत पांढरीच. टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरला तेव्हा दिसलं: टाचणीच्या टोकाएवढे राखाडी ठिपके, त्यांवर बारीक लव, आणि सगळे बरोबर जुन्या डागाच्या हद्दीत.

ब्लीचची मला खटकलेली गोष्ट ती हीच, आणि माझा कौल तिच्यामुळेच ठरला. बुरशी मरो न मरो, तिचा रंग आधी उडतो. डाग दिसेनासा झाला की काम झालं असं वाटतं आणि आपण हात आवरतो. गिलावा सच्छिद्र असतो. ब्लीचमधला क्लोरीन वरच्या वर खर्ची पडतो, पाणी मात्र आत मुरतं, म्हणजे जी भिंत सुकवायची तिलाच आपण आणखी पाणी पाजतो. शिवाय मेलेली बुरशी भिंतीवर राहिली तरी ऍलर्जी असणाऱ्याला तिचा त्रास होऊ शकतो. मारा किंवा मारू नका, खरवडून काढावी ती लागतेच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही बुरशीसाठी सरसकट ब्लीच वापरा असं सांगत नाही; कडक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण कोरडा करा, एवढंच तिचं म्हणणं आहे.

दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मध्यम ब्रश. बुरशी कोरडी घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आधी पाणी फवारून ओली करा आणि एन-९५ मास्क लावा. मेहनत आहे, खांदे भरून आले. पहिल्या हाताला फडकं काळंकुट्ट निघालं, दुसऱ्याला राखाडी, चौथ्याला जसं लावलं तसं स्वच्छ परत आलं. भिंतीवर फिकट पिवळसर सावली उरली. दिसायला बरी नव्हती, पण कुठवर ओल होती ते तिच्यामुळे रोज डोळ्यांसमोर राहिलं.

मग पंखा लावून ठेवला आणि चार दिवसांनी त्या सावलीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवला. काढला तर भिंतीकडच्या बाजूला दव. म्हणजे आत ओल होतीच. आणखी आठवडा पंखा चालवला, पुन्हा प्लास्टिक लावलं आणि ते कोरडं निघाल्यावरच रंग दिला. ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग दिला तरी पोपडे सुटतात.

ब्लीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. टाइल्स, सिंक, काच यांवर ते झटपट काम करतं, आणि सांडपाणी घरात शिरलं असेल तर धुऊन झाल्यावर निर्जंतुक करायला लागतंच. फक्त व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. नुसतं व्हिनेगरही पुष्कळजण सुचवतात, पण चुन्याचा गिलावा आणि संगमरवर त्याने झिजतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

जिप्सम बोर्ड, कार्पेट, गादी यांच्या आत बुरशी शिरली असेल तर घासत बसू नका, तो भाग काढून टाका. आणि डाग साधारण १० चौरस फुटांच्या वर गेला असेल तर जाणकार माणूस बोलवलेला बरा.

दीड वर्ष झालं, भिंत कोरडी आहे. श्रेय साबणाचं की दुसऱ्यांदा ती नीट सुकवली त्याचं, हे छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण प्लास्टिक लावून बघायचं सुचलं ते ती पिवळी सावली दिसत होती म्हणून. ब्लीचनंतरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघून ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.