बराफू की किबो: किलिमांजारोच्या शिखराआधीची रात्र कुठे काढावी?

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवर आहे. सेमिनरी हिल्सचा चढ, रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, फार तर पचमढीचा १,३५२ मीटरचा धूपगड, एवढ्या सरावाने पाय तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र होत नाही. ती सवय डोंगरावरच्या मुक्कामांतच लावून घ्यावी लागते. म्हणून आफ्रिकेत, टांझानियातल्या किलिमांजारोला (५,८९५ मीटर) निघणाऱ्या नागपूरकराने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी शेवटच्या तळाचा विचार करावा. मुख्य पर्याय दोन आहेत: मचामे किंवा लेमोशो वाटेने गेल्यास साधारणपणे ४,६७३ मीटरवरील बराफू, आणि मरांगू वाटेने गेल्यास ४,७२० मीटरवरील किबो.

चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न तंबू की पक्के छप्पर, असाच असतो. मुक्कामाला झोपड्या असलेली मरांगू ही एकमेव वाट आहे आणि किबोला दगडी भिंतींच्या आत, एकावर एक रचलेल्या खाटांवर झोपायला मिळते. बराफूला उघड्या, खडकाळ धारेवर तंबू असतो. वारा रात्रभर कापड फडफडवत राहतो आणि शौचालयाला जायचे तर कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात दगड चुकवत जावे लागते. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फच, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. पाण्याचा झरा दोन्हीकडे नाही. पाणी खालून हमाल वाहून आणतात. बराफूला माझा तासभरही डोळा लागला नाही. किबोला राहिलेल्या माझ्या मित्रालाही लागला नाही, कारण एका खोलीत अनेक अनोळखी माणसे, कोणी खोकते आहे, कोणी मध्यरात्रीच्या चढाईसाठी अकरा वाजण्याआधीच उठून बूट शोधते आहे. झोपेच्या आशेने किबो निवडण्यात अर्थ नाही.

खरा फरक त्याआधीच्या रात्रींत आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे उंचीवरील आजारांचे तज्ज्ञ सांगतात. मरांगूच्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात मंदारा २,७२०, होरोंबो ३,७२० आणि किबो ४,७२० अशा हजार-हजार मीटरच्या उड्या असून त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचे असते. सहा दिवसांच्या कार्यक्रमात होरोंबोला एक रात्र जास्त मिळते. किबोलाच जायचे असेल तर त्याहून कमी दिवस घेऊ नयेत. मचामेच्या सात दिवसांत मात्र सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला ३,९०० मीटरच्या आसपास बरांकोला उतरतात, पुढची रात्र जवळपास त्याच उंचीवर करंगाला काढतात आणि मग दुपारपर्यंत बराफू गाठतात. करंगा ते बराफू ही शेवटची उडीही पाचशेपेक्षा मोठीच आहे, पण तोपर्यंत शरीर बरेच सावरलेले असते. सहा दिवसांत मचामे उरकणारे करंगाचा मुक्काम गाळतात. ते बराफूला थकून पोहोचतात आणि काही तासांतच पुन्हा उठतात. त्यांना बराफूचा फायदा फारसा मिळत नाही.

चढाईत मोठा फरक नाही: बराफूहून १,२२२ मीटर, किबोहून १,१७५. किबोहून भुसभुशीत खडीवरची नागमोडी वाट आधी गिलमन्स पॉइंटला नेते आणि तिथून ज्वालामुखीच्या विवराच्या कडेने बरेच चालायचे उरते. बराफूची वाट ५,७५६ मीटरच्या स्टेला पॉइंटला कडेवर येते, तिथून शिखर जवळ आहे. थंडी दोन्हीकडे सारखीच. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरू लागतो आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. नळीने पाणी पिण्याची सोय तर सर्वांत आधी गोठते. उतरताना बराफूकरांचे गुडघे अधिक दुखतात. थोडी विश्रांती घेऊन त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरील म्वेकापर्यंत जायचे असते. किबोकरांचा मुक्काम ३,७२० मीटरवरील होरोंबोलाच असतो.

एका बाबतीत मात्र किबोचे छप्पर खरोखर उपयोगी पडते. आपल्या उन्हाळी सुट्टीतले एप्रिल-मे हे तिकडच्या मोठ्या पावसाचे महिने आहेत आणि दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस गाठतो. शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्यांना रजा तेव्हाच मिळत असेल, तर ओल्या तंबूत चार-पाच रात्री काढण्यापेक्षा सहा दिवसांचे मरांगू बरे. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर जमत असेल, तर सात दिवस घेऊन बराफूच निवडावे.

विवरातच, सुमारे ५,७०० मीटरवर, मुक्काम करण्याचा तिसरा पर्यायही काही आयोजक देतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याचा विचार करू नये. तिथे रात्री कोणी आजारी पडले, तर खाली आणणे फार कठीण असते.

आयोजकाला तंबूची जाडी विचारण्याऐवजी शेवटच्या तळावर किती वाजता पोहोचवणार, हे विचारावे. उत्तर दुपारी दोननंतरचे आले, तर एक दिवस वाढवून मागावा.